आज घरी सोडणार

सव्वानऊला राउंड आटोपता आटोपता डॉक्टर म्हणाले, "काका, आज घरी." पुण्यातल्या त्या खाजगी रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर त्या क्षणी एक घड्याळ सुरू झालं, पण ते फक्त काकांच्या घरच्यांपुरतं. सुनेनं पिशव्या भरल्या. मुलानं दुपारनंतर येतो म्हणून ऑफिसला कळवलं. काकांनी रुग्णालयाचा निळा झगा उतरवून लेंगा-सदरा चढवला. साडेअकरा झाले तरी ते खाटेच्या कडेवर बसलेलेच होते, पायात चपला घालून.

अशी चपला घातलेली माणसं कुठल्याही मोठ्या रुग्णालयात दुपारी हमखास दिसतात. सलाइन निघालेलं असतं, डबा परत गेलेला असतो, फोनवर तीनदा "डिस्चार्ज मिळालाय" सांगून झालेलं असतं. आणि खाली कॅज्युअल्टीत त्याच खाटेची वाट बघत कुणीतरी स्ट्रेचरवर पडलेलं असतं. बरा झालेला माणूस आणि बरा व्हायला आलेला माणूस, दोघांना अडवून धरते ती एक फाइल.

फाइलीचा प्रवास सांगायला सोपा आहे: आरएमओनं, म्हणजे निवासी डॉक्टरनं, डिस्चार्ज समरी टाइप करायची, कन्सल्टंटनी ती तपासून सही करायची, सिस्टरनं न वापरलेली औषधं मोजून फार्मसीला परत पाठवायची, मग बिलिंग, मग विम्याची कागदपत्रं बघणारा टीपीए डेस्क, मग विमा कंपनी. त्या दिवशी समरी दहाला तयार होती. सही मात्र सव्वाबाराला झाली, कारण कन्सल्टंट ऑपरेशन थिएटरमध्ये होते. तोवर औषधांचा ट्रे घेऊन वॉर्डबॉय मामा तळघरातल्या फार्मसीत दोनदा जाऊन आले, कारण पहिल्या खेपेला दोन इंजेक्शनांचा हिशेब जुळला नव्हता.

"तीन तास," टीपीए डेस्कवरची मुलगी प्रत्येकाला सांगते. बिलिंगवाला तेच सांगतो, दारावरचा सिक्युरिटीही. हा आकडा हवेतून आलेला नाही. विमा नियामक आयआरडीएआयनं मे 2024 मध्ये परिपत्रक काढून बजावलं, की रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत कंपनीनं अंतिम मंजुरी द्यावी. उशीर झाला आणि त्यापायी रुग्णालयानं जादा पैसे लावले, तर ते कंपनीनं सोसावेत. नियम चांगलाच आहे. गोम आहे ती "विनंती आल्यापासून" या शब्दांत. काकांची विनंती गेली एक वाजून दहा मिनिटांनी. अडीचला क्वेरी आली, सीटी स्कॅनचा रिपोर्ट दिसत नाही म्हणून. रिपोर्ट जोडलेला होता, पुन्हा जोडला. मंजुरी आली तीन पंचावन्नला.

म्हणजे कंपनीला लागले दोन तास पंचेचाळीस मिनिटं. वेळ पाळली गेली. काका लिफ्टमध्ये शिरले चार वीसला, डॉक्टरांनी घरी जा म्हटल्यापासून सात तास पाच मिनिटांनी.

मोजमापाची ही खोड जुनी आहे. ब्रिटनच्या एनएचएसनं आपत्कालीन विभागात आलेला रुग्ण चार तासांच्या आत दाखल करायचा किंवा घरी पाठवायचा, असं लक्ष्य ठेवलं. वाट पाहणं कमी झालं, हे खरं. पण चार तास भरत आले, की शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण हलवण्याची एकदम झुंबड उडते, हेही आकडेवारीत स्पष्ट उमटलं. घड्याळ जिथं लावाल तिथं धावपळ होते.

आणि खाटांचं गणित निर्दयी असतं. 1999 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका अभ्यासानं दाखवलं, की सरासरी 85 टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या राहू लागल्या, की आलेल्या रुग्णाला खाट न मिळण्याचा धोका जाणवू लागतो. 90 टक्क्यांच्या पुढं तर अशी तंगी नेहमीचीच होते. खाट रिकामी ठेवणं आपल्याकडच्या रुग्णालयांना परवडत नाही, निदान तसं ते म्हणतात. मग सगळा ताण एका खाटेच्या उलाढालीवर येतो, आणि तो उतरत उतरत सफाईच्या मावशींच्या बादलीपाशी पोहोचतो.

काका उठले त्याच मिनिटाला वॉर्डातला फोन वाजला. "मावशी, बेड झाला का?" मावशींनी चादरी ओढल्या, गादी दोन्ही बाजूंनी पुसली, कठडे, लॉकर, सलाइनचा स्टँड, खाटेखालचा दांडा. हायपोक्लोराइटचा उग्र वास सबंध खोलीत भरला. तो नंतर कपड्यांनाही बराच वेळ राहतो. पुन्हा फोन. "वाळू तर दे की गं सिस्टर, ओल्या गादीवर पेशंट घालू का?" मावशी बरोबर बोलत होत्या. जंतुनाशक पृष्ठभागावर काही मिनिटं टिकलं नाही, तर पुसण्याला फारसा अर्थ उरत नाही. पण तक्त्यात ही मिनिटं "बेड टर्नअराउंड" या नावानं उशीर म्हणूनच चढतात. सहीसाठी गेलेल्या सव्वादोन तासांना मात्र तक्त्यात रकानाच नव्हता.

ऑपरेशन्स मॅनेजर खलनायक नाही. एमबीए झालेला, तिशीतला हा माणूस दिवसभर जिने चढत-उतरत असतो. उद्या घरी जाणाऱ्यांची यादी आदल्या संध्याकाळीच करायची, कच्ची समरी रात्रीच टाइप करून ठेवायची, औषधं रात्रपाळीतच परत पाठवायची, असं त्यानं एका मजल्यावर सुरू केलंय. तिथं मामांच्या खेपा खरोखर कमी झाल्या आहेत. पण त्याची एक अडचण आहे, आणि ती तो हसत हसतच सांगतो. मावशींना तो दर वीस मिनिटांनी फोन करू शकतो. कन्सल्टंट तीन रुग्णालयांना जोडलेले. त्यांच्यामुळं पेशंट येतात. त्यांना फोन करायचा, तर आधी मेडिकल डायरेक्टरना विचारावं लागतं.

पुढच्या महिन्यापासून घड्याळ राउंडच्या वेळेपासून लावायचं, हे बैठकीत ठरलं. त्यासमोर कन्सल्टंटचं नाव लिहायचं की नाही, याचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.