फवारणीचं औषध कुत्र्या-मांजरावर नको: पिसवांसाठी काय वापरायचं



आजचा विषय पिकाचा नाही. पण पावसाळा लागून हवेत ओल आली की पिसवा वाढतात आणि एक प्रश्न हमखास येतो: "कुत्र्याला पिसवा झाल्यात, दुकानातलं कुठलं औषध मारू?" दुकान म्हणजे कृषी सेवा केंद्र. म्हणून हा मेसेज. मी पिकाचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नाही. पण घरातल्या मांजरावर जी बाटली वापरली जाते ती बागेसाठी आणलेली असते, आणि त्या बाटलीबद्दल बोलणं माझं काम आहे.

निर्यातीची द्राक्षं असली की आपण किती जपतो बघा. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी (गावाचं नाव मांजरी हा योगायोग), फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी, रेसिड्यू किती, सगळं तोंडपाठ. तीच बाटली उंबऱ्याच्या आत आली की मात्र "एक झाकण बादलीत" एवढ्यावर काम भागतं. द्राक्षं खाणारा निदान ती धुऊन खातो. मांजर दिवसभर स्वतःचं अंग जिभेनं चाटतं. त्याच्या अंगावर टाकलं ते पोटात गेलंच समजा.

काही सभासद म्हणतात, "अहो, डॉक्टर कुत्र्याला फिप्रोनिल देतात, उसाला आपण फिप्रोनिलच टाकतो. मग महागाचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. मूळ घटक एकच, हे खरं. पण बाटलीत फक्त तो घटक नसतो. पिकाच्या औषधात तो पानावर पसरावा, चिकटावा, पाण्यात मिसळावा म्हणून बाकीचा माल घातलेला असतो. नावापुढे ईसी लिहिलेल्या औषधात तर पेट्रोलियमपासून बनवलेलं द्रावक असतं. ते कातडी जाळतं, कातडीतून आत जातं, आणि चाटलं तर फुप्फुसालाही धोका. जनावराच्या औषधात घटक किती, तो कशात मिसळलाय, किती किलो वजनाला किती, हे सगळं जनावराच्या कातडीसाठी ठरवलेलं असतं. झाकणानं मोजून ते जमत नाही.

आता मांजराचं. हे नीट वाचा, कारण जास्त घोळ इथंच होतो. कुत्र्याला जे सोसतं ते मांजराला सोसेलच असं नाही. परमेथ्रिनसारखी औषधं शरीराबाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते, ती मांजरात फार कमजोर असते. औषध अंगात साठत जातं. आधी कान फडफडतात, अंग थरथरतं, मग झटके येतात आणि मांजर मरतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन भरपूर असतं. ते "थोडंसंच" म्हणून मांजराला लावलं तरी जीव जाऊ शकतो. कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

लक्षात ठेवायला सोपी खूण सांगतो. नावाच्या शेवटी "थ्रिन" आलं, म्हणजे परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, सायहॅलोथ्रिन, तर मांजरापासून लांब. डॉक्टरांनी मांजरासाठी म्हणून हातात दिलं असेल तरच वापरा. गाई-म्हशीच्या गोचिडासाठी आणलेल्या ब्युटॉक्समध्ये डेल्टामेथ्रिनच असतं. गोचिडाचं दुसरं औषध अमिट्राझ, तेही मांजराला नको. गोठा धुऊन उरलेलं पाणी कुत्र्यावर ओतायची सवय असेल तर ती बंद करा. गाईचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही अंदाजे टोचू नका. काही जातींच्या कुत्र्यांना ते बाधतं, आणि पिसवांवर त्याचा म्हणावा असा उपयोगही नाही.

गोठ्याच्या माळ्यावर जुनं नुवान किंवा थिमेट पडलं असेल तर त्याला हातही लावू नका. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, थिमेट म्हणजे फोरेट. दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. थिमेटच्या डब्यावरचा लाल त्रिकोण अतिविषारी गटाचा असतो.

घरगुती उपायांचंही सांगून टाकतो. रॉकेल नको, कातडी सोलते. तंबाखूचं पाणी नको, निकोटीन हे विषच आहे. डांबर गोळ्या अंथरुणात नकोत. कडुलिंबाचं निव्वळ तेल मांजर चाटतं आणि आजारी पडतं. हळद लावून पिसवा जात नाहीत, सांगलीत बसून हे लिहिताना जरा जड जातंय.

मग वापरायचं काय? आधी पिसवाच आहेत का ते बघा. अंगावरचे काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग जनावराचं वजन घ्या: त्याला उचलून काट्यावर उभे राहा, नंतर एकटे उभे राहा, वजाबाकी करा. हे वजन आणि वय घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. कुत्र्या-मांजरांसाठीच्या फिप्रोनिलचे थेंब किंवा स्प्रे मिळतात. थेंब मानेच्या मागे केस बाजूला करून कातडीवर टाकायचे, जीभ पोचणार नाही तिथे. आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. कुत्र्यासाठी फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर या पोटातून द्यायच्या गोळ्याही आहेत. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. दोन महिन्यांच्या आतल्या पिलाला मनानं काहीच लावू नका. उवांची बारीक फणी घ्या, रोज विंचरा, पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. वेळखाऊ काम आहे, पण पोरं आवडीनं करतात.

एवढं करूनही "औषध लागूच पडलं नाही" अशी तक्रार येते. कारण अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांपैकी साधारण ५ टक्केच. बाकी अंडी, अळ्या आणि कोष जमिनीच्या भेगांत, गोणपाटात, झोपायच्या जागी असतात. कोष काही आठवडे, कधी महिने तसाच पडून राहतो आणि पावलांची धडधड जाणवली की फुटतो. बंद घर उघडलं की पायावर पिसवा उडतात त्या अशाच. म्हणून घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी, ज्याचं त्याचं औषध द्या आणि डॉक्टर सांगतील तसे निदान तीन महिने पाळा. त्यांचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. कोपरे रोज झाडा, केर घरात साठवू नका. शेळ्या जवळ बांधत असाल तर करडंही तपासा. मांजराची पिसू शेळीवरही जाते आणि करडाचं रक्त कमी होतं. जंताचं औषधही डॉक्टरांना विचारून द्या. पिसू गिळली गेली तर तिच्यातून एक फीतकृमी पोटात जातो, आणि हे लहान मुलांच्या बाबतीतही घडू शकतं.

चुकून भलतंच औषध लागलंच, तर हातमोजे घाला. भांड्यांच्या लिक्विड साबणानं कोमट पाण्यात जनावर धुवा, पुसा, चाटू नये म्हणून टॉवेलात गुंडाळा. तोंडाला लाळ, थरथर, झटके दिसले तर धूतही बसू नका, थेट दवाखाना गाठा. उलटी करवू नका. दूध, तूप, तेल पाजू नका, काही विषं त्यानं जास्त शोषली जातात. औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. औषध कुठलं ते कळलं तरच डॉक्टरांना नेमका उपचार ठरवता येतो. दवाखाना लांब असेल तर पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ वर फोन लावा.

कृषी विभाग, माधवनगर