कासवीची दृष्टि

कासवी आपल्या पिलांस पाजीत नाहीं, जवळही घेत नाहीं. केवळ दृष्टीनेंच तीं पोसते, असा एक जुना कविसंकेत आपल्याकडे प्रसिद्ध आहे. गुरुकृपा व ईश्वरकृपा समजावून देतांना संतांनीं हा दृष्टांत वारंवार योजिला आहे. आम्हींही तो वर्गांत पुष्कळ वर्षें मोठ्या भक्तिभावानें सांगितला. परंतु कोंकणच्या किनाऱ्यावर येणाऱ्या सागरी कासवीचें खरें वर्तन समजलें म्हणजे या संकेताचा पुन्हां विचार करावासा वाटतो.

‘ऑलिव्ह रिडले’ या जातीची कासवी नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास रात्रीं भरतीच्या रेषेवर येते, मागच्या पायांनीं सुमारें दीड फूट खोल, घागरीसारखा खड्डा खणते, त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते, वाळूनें तो बुजविते व समुद्रांत निघून जाते. त्यानंतर ती त्या घरट्याकडे फिरकत नाहीं. पुढें दीड-दोन महिने अंडीं उबविते ती वाळूची ऊब. पिलूं नर होणार कीं मादी, हेंही त्या उष्णतेवरच ठरतें. वाळू अधिक तापल्यास माद्या अधिक होतात. या अवधींत त्या अंड्यांकडे कोणाची तरी दृष्टि असावी लागते, आणि ती आईची नसते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांत वेळास नांवाचें गांव आहे. नाना फडणविसांच्या भानु घराण्याचें गांव म्हणून इतिहासाच्या वाचकांस तें परिचित असेल. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते २००२ सालीं समुद्रगरुडांच्या पाहणीसाठीं तेथें गेले असतां त्यांस कासवांच्या अंड्यांचीं टरफलें वाळूंत आढळलीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार कासवांस होता. पण कायदा दप्तरांत आणि अंडीं वाळूंत, अशी स्थिति होती. कांहीं घरटीं कुत्रीं व कोल्हीं उकरीत, कांहीं माणसें काढून नेत.

येथें कोणा एकाच्या हातून काम झालें नसतें. संस्थेजवळ ज्ञान होतें. पण चिपळुणास राहून रोज पहांटे वेळासची वाळू तुडविणें तिला शक्य नव्हतें. वनखात्याजवळ अधिकार होता. पण प्रत्येक किनाऱ्यास पुरतील इतके पहारेकरी नव्हते. गांवकऱ्यांजवळ वाळूवरील खुणा ओळखणारी नजर होती. पण अंडीं राखण्यांत त्यांस लाभ नव्हता, उलट नुकसान होतें. संस्थेनें या तिसऱ्या पक्षास विश्वासांत घेतलें, हेंच तिचें शहाणपण.

किनाऱ्यावर फेरी घालणाऱ्या गांवच्या माणसास ‘कासवमित्र’ हें नांव मिळालें. मादीचा माग काढून तो घरटें शोधतो. अंडीं कांहीं तासांच्या आंत, न उलटवितां, कुंपणाच्या जागेंत आणतो व मूळच्याच खोलीच्या खड्ड्यांत ठेवतो. उशीर झाला किंवा अंडें उलटलें, तर आंतील जीव दगावण्याची भीति असते. पिलें बाहेर आलीं म्हणजे तीं थेट पाण्यांत न टाकतां वाळूवर सोडतात. समुद्रापर्यंतची वाट तीं स्वतः चालतात.

२००६ पासून तेथें कासव महोत्सव भरूं लागला. पाहुणे गांवांतल्याच घरांत उतरतात व घरचेंच अन्न जेवतात. चुलीपाशीं राबणाऱ्या गृहिणीच्या हातीं त्यामुळें चार पैसे आले, आणि विकलेल्या अंड्यापेक्षां जिवंत पिलाचें मोल अधिक ठरलें.

पुढें हें सख्य वाढलें. वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ सालीं निघाला व त्यास जोडून कांदळवन प्रतिष्ठान उभें राहिलें. जाळ्यांत सांपडलेलें कासव सोडविण्यासाठीं कोळ्यास आपलें जाळें कापावें लागतें. तो तोटा त्यानें एकट्यानें कां सोसावा? म्हणून २०१८ च्या अखेरीस २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना निघाली. २०२२ सालीं डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या साहाय्यानें वेळास, आंजर्ले व गुहागर येथील पांच माद्यांवर उपग्रहास संदेश पाठविणारीं यंत्रें बसविण्यांत आलीं. वेळासच्या मादीचें नांव ‘प्रथमा’. यंत्र आणि विद्या बाहेरून आली. पण मादी कोणत्या रात्रीं कोठें येते, हें जाणणारा गांवचा माणूस नसता, तर तीं यंत्रें पेटींतच राहिलीं असतीं.

२०२१ सालीं ओरिसांतील गहिरमाथा येथें खुणेचा बिल्ला लाविलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्यें गुहागरच्या वाळूंत अंडीं घालतांना आढळली. हें अंतर साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक भरतें. तिकडे कोणीं बिल्ला लाविला नसता, किंवा इकडे कोणीं तो पाहिला नसता, तर हा प्रवास कोणास कळलाच नसता. कासवीस जिल्ह्याची वा प्रांताची शींव ठाऊक नाहीं. मग तिचे रक्षक तरी आपापल्या शींवेंत कसे राहतील?

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस यांतील मर्म अधिक सांगावयास नको. घरांत दहा माणसें असूनही, दुसऱ्यानें पाहिलें असेल, असें प्रत्येकानें म्हटलें, तर पाळण्यांतलें मूल उपाशी राहतें. आणि ज्यानें रात्र जागविली त्यास विसरून श्रेय दुसऱ्यासच दिलें, तर पुढच्या वेळीं कोणी जागत नाहीं. संस्थांच्या सहकार्यासही हेंच दोन रोग होतात. कासवमित्राचा मेहनताना वेळेवर पोहोंचणें हें महोत्सवाच्या गर्दीपेक्षां महत्त्वाचें आहे.

वाचकांपैकीं कोणी मुलांबाळांसह तेथें गेल्यास दोरीच्या मागें शांत उभें राहावें, पिलांस हात लावूं नये व हातांत दिवा धरूं नये. तीं उजेडाच्या रोखानें चालतात व कृत्रिम प्रकाशानें वाट चुकतात. संतांचा दृष्टांत आम्ही आजही सांगूं. मात्र कासवी निघून गेल्यावर तिची ती दृष्टि कोणाकोणाच्या डोळ्यांत राहिली आहे, हेंही मुलांस सांगूं.