चांदीचे अब्जांश कण : वनस्पतीजन्य म्हणून निर्धोक?

हरिहरेश्वरला काळभैरवाच्या देवळामागून प्रदक्षिणेच्या वाटेने ओहोटीच्या वेळी खाली उतरले, की लाटांनी झिजवलेल्या खडकांच्या खळग्यांत समुद्राचे पाणी साचलेले आढळते. त्यातले थोडे पाणी बाटलीत भरून शाळेच्या प्रयोगशाळेत आणावे, परीक्षानळीत घ्यावे आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाकावेत. पाणी लगेच दह्यासारखे पांढरे होते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराईड असते. चांदीचे आयन त्याला भेटताच सिल्व्हर क्लोराईडचा अवक्षेप तयार होतो.

आता दुसरी परीक्षानळी घेऊ. तुळशीची मूठभर पाने धुऊन ऊर्ध्वपातित पाण्यात उकळावीत, काढा गाळून गार करावा आणि त्यातला थोडा सिल्व्हर नायट्रेटच्या विरल द्रावणात मिसळावा. (किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीचे पाणी येथे चालणार नाही. का, ते पहिल्या नळीने सांगितलेच आहे.) थोड्या वेळाने, कधी अर्ध्या तासात तर कधी काही तासांनी, द्रावण पिवळसर आणि मग चहासारखे तपकिरी होते. पानांतील पॉलिफिनॉल, फ्लेव्होनॉइड यांसारखी संयुगे चांदीच्या आयनांचे क्षपण करतात. सुटे झालेले चांदीचे अणू एकमेकांना चिकटून बारीक कण तयार होतात. ते सुमारे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा-तपकिरी दिसतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. १० नॅनोमीटर व्यासाच्या कणात चांदीचे जेमतेम तीस हजार अणू मावतात.

या रसायनाचे माहेरघर आपल्याकडेच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद, शिवशंकर आणि त्यांचे सहकारी यांनी आधी बुरशीकडून आणि मग पानांकडून हे काम करवून घेतले. २००३ मध्ये जिरेनियमच्या पानांपासून चांदीचे कण केल्याचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पाठोपाठ २००४ मध्ये कडुनिंबाच्या काढ्याचा, आणि त्याच वर्षी ‘नेचर मटेरिअल्स’ या नियतकालिकात सोन्याच्या त्रिकोणी चकत्यांचा. त्या चकत्या ज्या वनस्पतीच्या काढ्यातून निघाल्या ती म्हणजे आपला गवती चहा! त्यानंतर जगभर अशा निबंधांचा पूर आला. तुळस, शेवगा, कोरफड, आंब्याची पाने. बहुधा कोणतीच वनस्पती सुटली नसावी. आज महाविद्यालयांतच नव्हे, तर शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही हा प्रयोग दिसतो. त्याच्या तक्त्यावर शेवटी एक वाक्य हमखास असते : ‘वनस्पतीपासून बनवलेले असल्यामुळे दुष्परिणाम नाहीत.’

हे वाक्य तपासून पाहिले पाहिजे, कारण जखमेवरचे मलम, भाजलेल्यावरची पट्टी आणि ‘रोगप्रतिकारशक्तीसाठी’ पिण्याचे चांदीचे पाणी अशा तिन्ही गोष्टी या एकाच वाक्याच्या आधाराने विकता येतात.

‘वनस्पतीजन्य’ हा शब्द कण कसे तयार केले एवढेच सांगतो. रासायनिक पद्धतीत सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझिनसारखी तीव्र क्षपणके वापरतात, कधी सेंद्रिय द्रावकेही लागतात. काढ्याच्या पद्धतीत ती टळतात, कारखान्याचे सांडपाणी कमी विषारी होते. हा फायदा खरा आहे आणि लहान नाही. पण तो कारखान्याचा फायदा आहे. रुग्णाच्या यकृताला त्याचा काय उपयोग, हा वेगळा प्रश्न. आणि वनस्पती म्हणजे सौम्य असे कुठे आहे? धोत्र्याच्या पानांपासूनही असे कण केल्याचे निबंध आहेत. धोत्रा पूर्णपणे नैसर्गिक आहे.

वनस्पतीमुळे काही अडचणी उलट वाढतात. कणावर पानातील प्रथिनांचा, शर्करांचा, फिनॉलांचा लेप बसतो. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून हा लेप हवाच असतो, पण तो नेमका कशाचा आहे हे सांगणे कठीण. पावसाळ्यातली तुळस आणि चैत्रातली तुळस रासायनिकदृष्ट्या सारखी नसते. माती बदलली, पान कोवळे की जून हे बदलले, की कणांचा आकारही बदलतो. औषधाची प्रत्येक खेप मागच्या खेपेसारखीच असावी लागते. येथे कच्चा मालच ऋतूप्रमाणे बदलतो. शिवाय सगळ्या चांदीचे क्षपण झाले की नाही, हेही पाहावे लागते. काही आयन तसेच उरले असतील, तर ‘आमच्या कणांनी जंतू मारले’ या निष्कर्षातला मोठा वाटा साध्या सिल्व्हर नायट्रेटचा असू शकतो. द्रावण अपोहनाने स्वच्छ केले आहे का, हे निबंध वाचताना मी सर्वांत आधी पाहतो, आणि पुष्कळदा निराश होतो. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक तपासतात. पानांवर असंख्य जंतू असतात. उकळल्याने ते मरतात, पण ग्रॅम-ऋण जंतूंच्या कवचाचे तुकडे, ज्यांना अंतर्विष म्हणतात, शाबूत राहतात. त्वचेवर त्यांचे फारसे काही बिघडत नाही. रक्तात गेले तर ताप आणि रक्तदाबातील घट यांवरच भागेल असे नाही.

आता कण शरीरात गेल्यावर काय होते ते पाहू. रक्तद्रवात लिटरमागे सुमारे साडेतीन ग्रॅम क्लोराईड असते. समुद्रापेक्षा कमी, पण चांदीला पुरेसे. त्याखेरीज प्रथिनांमध्ये गंधकयुक्त गट असतात आणि चांदीला गंधक फार प्रिय. घरातली चांदीची भांडी काळी पडतात ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळेच. त्यामुळे बाटलीतला कण आणि रक्तातला कण एकच राहत नाही. रक्तातील प्रथिने त्याच्यावर नवे वेष्टन चढवतात, पृष्ठभागावरून आयन सुटत राहतात. हे सुटणारे आयन जंतूंच्या पेशीपटलावर आणि विकरांवर आघात करतात. ते त्याच पद्धतीने आपल्या पेशींतील तंतुकणिकांवरही आघात करू शकतात. जंतू कोणता आणि रुग्ण कोण, हे चांदीला कळत नाही. फरक पडतो तो मात्रेमुळे.

कण जितका लहान, तितका एकूण पृष्ठभाग मोठा. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन, वजन साडेदहा ग्रॅम म्हणजे तोळ्याहून थोडे कमी, त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केले तर पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. बाळाच्या उष्टावणातील चांदीची वाटी निरुपद्रवी आहे म्हणून चांदीचे कणही तसेच, हे अनुमान म्हणूनच टिकत नाही.

मात्रेचा विचार कसा करावा याचे एक चांगले उदाहरण पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेतले आहे. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी जैविक पद्धतीने स्थिर केलेले ७ ते २० नॅनोमीटरचे चांदीचे कण घालून जखमेवर लावायचे जेल तयार केले. त्याचा निबंध २००९ मध्ये आला. जंतूंची वाढ रोखायला मिलिलिटरमागे सुमारे ६ मायक्रोग्रॅमपर्यंत कण पुरले. यकृतपेशींवर निम्मा परिणाम व्हायला २५१ मायक्रोग्रॅम लागले. म्हणजे दोहोंमध्ये साधारण चाळीसपट अंतर आहे. रूढ सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाच्या तुलनेत तीसपट कमी चांदी वापरून जवळपास तोच परिणाम मिळाला आणि उंदरांच्या त्वचेवर अपाय दिसला नाही. येथे सुरक्षितता ‘जैविक’ या शब्दातून आलेली नाही, मोजमापातून आली आहे. निबंधाने दावाही त्वचेवरील वापरापुरताच केला आहे, हे महत्त्वाचे.

त्वचेवर लावणे म्हणजे सर्वस्वी निर्धोक असेही नाही. २००६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एका तरुण रुग्णाची नोंद आली. शरीराचा सुमारे ३० टक्के भाग भाजला होता आणि सूक्ष्म चांदीचा थर असलेल्या पट्ट्या वापरल्या होत्या. आठवड्याभरात त्वचेवर करडी झाक आली, यकृताची विकरे रक्तात वाढली. पट्ट्या काढल्यावर ती पूर्ववत झाली. या पट्ट्या वनस्पतीजन्य नव्हत्या, पण मुद्दा तोच राहतो : भाजलेल्या जागी त्वचेची भिंतच नसते, म्हणून ‘बाहेरून लावलेले’ औषध आत जाते.

पिण्याच्या चांदीचे गणित तर वर्गात फळ्यावर करण्याजोगे आहे. आपण प्रयोगात सिल्व्हर नायट्रेटचे १ मिलिमोलर द्रावण घेतो. चांदीचा अणुभार १०८, म्हणजे लिटरमागे १०८ मिलिग्रॅम चांदी. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चांदी चालवून घेत नाही. काढ्यामुळे द्रावण थोडे पातळ होते ते सोडले, तर आपली तपकिरी नळी त्या मर्यादेच्या हजारपट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जन्मभरात मिळून सुमारे १० ग्रॅम चांदी पोटात गेली तरी अपाय होत नाही. रोज १०० मिलिलिटर हे द्रावण घेणारा माणूस जन्मभराचा हा वाटा अडीच वर्षांत संपवील.

पुढे काय होते तेही माहीत आहे. चांदी त्वचेत साठते, उजेडात तिचे क्षपण होते, गंधक आणि सेलेनियमशी तिची संयुगे बनतात आणि कातडी कायमची निळसर-करडी होते. जुन्या छायाचित्रणाच्या फिल्मवर जे घडत असे त्याचाच हा प्रकार. या अवस्थेला आर्जिरिया म्हणतात. माणूस त्याने मरत नाही, पण रंगही जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या कलिल चांदीच्या औषधांना सुरक्षित व परिणामकारक मानायला नकार दिला. कोरियात उंदरांना ९० दिवस ५६ नॅनोमीटरचे कण खाऊ घातले, त्याचा निबंध २०१० मध्ये आला. वजनाच्या किलोमागे रोज ३० मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नाही. १२५ मिलिग्रॅमला यकृतावर परिणाम दिसले. माद्यांच्या मूत्रपिंडात नरांच्या दुप्पट चांदी साठली. असे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा.

एक धोका मात्र रुग्णाच्या शरीराबाहेरचा आहे, आणि त्यातही पुण्याचे नाव येते. १९९४ मध्ये पुणे विद्यापीठातील ल. म. देशपांडे आणि बाळू चोपडे यांनी अ‍ॅसिनेटोबॅक्टर बौमानी या जंतूत चांदीला दाद न देण्याचा गुण प्लाझ्मिडवर असल्याचे दाखवले. प्लाझ्मिड हा जंतूतील डीएनएचा सुटा वेटोळा. तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. त्याआधी १९७५ मध्ये अमेरिकेत भाजलेल्यांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला सापडला होता. त्यातील जनुकांचा छडा ज्यांच्या गटाने लावला त्या शास्त्रज्ञाचे आडनावच सिल्व्हर! चोपडे यांच्याच गटाने पुढे २०१२ मध्ये कोकणात उकडून खातात त्या करांद्याच्या काढ्यापासून चांदीचे कण केले आणि प्रतिजैविकांबरोबर दिल्यास परिणाम वाढतो असे दाखवले. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावेत. चांदी साबणात, मोज्यांत, पाण्याच्या गाळणीत अशी जागोजाग वापरली, तर भाजलेल्या रुग्णासाठी राखून ठेवायचे अस्त्र बोथट होईल.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये अब्जांश-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक औषध स्वतंत्रपणे तपासावे, ही त्यांची भूमिका आहे. कणांचा आकार, लेप, स्थिरता, शरीरात ते कुठे जातात, किती दिवस राहतात, हे सारे सांगावे लागते.

शाळेतला प्रयोग जरूर करावा. रंग बदलताना पाहण्यात मौज आहे. तक्त्यावर मात्र ‘दुष्परिणाम नाहीत’ ऐवजी ‘तपासलेले नाहीत’ असे लिहावे. हातमोजे घालावेत, कारण सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग आठवडाभर जात नाहीत. डोळ्यांना चष्मा हवा. कुणाच्याही खरचटलेल्या गुडघ्यावर ते द्रावण लावून पाहू नये. उरलेले मोरीत किंवा खाडीत ओतू नये; पाण्यातील शेवाळाला आणि लहान जीवांना चांदी अत्यल्प मात्रेतही मारक असते. बाटलीत चिमूटभर मीठ टाकून द्रावण ठेवून द्यावे, तळाशी बसलेला साका गाळून वेगळा करावा आणि गाळलेले तपकिरी पाणीही जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चांदीच्या कचऱ्याबरोबर द्यावे, कारण कणरूप चांदी मिठाने पूर्णपणे खाली बसत नाही.