रात्री उजळणारी अक्षरे

रुग्णवाहिका, अग्निशमन बंब किंवा पोलिसांच्या गाडीवरची अक्षरे अंधारातही ठळक दिसतात ती रिफ्लेक्टिव्ह व्हिनाइल या प्रकाश परतवणाऱ्या चिकट फिल्ममुळे.

● चमक कशी येते? व्हिनाइलमधले काचेचे सूक्ष्म मणी किंवा प्रिझम हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेने परतवतात. म्हणून तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो.

● छपाईची शाई : इको-सॉल्व्हंट, लॅटेक्स किंवा यूव्ही. पारदर्शक रंगांतून प्रकाश आत जाऊन परततो. काळी आणि पांढरी शाई तो अडवते. दिवसा खुलणारा गडद निळा रात्री काळपट दिसतो. त्यामुळे नमुना अंधारात, टॉर्च डोळ्यांजवळ धरून तपासावा.

● लॅमिनेशन : सॉल्व्हंट शाईतले द्रावक उडून जायला साधारण २४ तास द्यावेत, मगच वरची पारदर्शक फिल्म चढवावी.

● चिकटवणे : हे व्हिनाइल साध्यापेक्षा जाड आणि ताठ. गाडीच्या पत्र्यातल्या खोल खाचांत ताणून बसवले, तर काही दिवसांत सुटते. कापलेल्या कडांतून पाणी शिरू नये म्हणून त्या सील कराव्यात.

● नियम : अवजड वाहनांवर छापील ग्राफिक्स सुरक्षा पट्ट्यांची जागा घेऊ शकत नाहीत. तिथे एआयएस-०९० या भारतीय वाहन मानकाची रिफ्लेक्टिव्ह टेपच लागते : पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल.