वेळ साधणारी अळी

मुलांनो, दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्याच अन्नावर जगणाऱ्या जिवाला परजीवी म्हणतात. ज्याच्या शरीरात तो राहतो, तो यजमान. उर्दूत आपण ज्याला मेजबान म्हणतो, त्याच अर्थाचा हा शब्द. फरक एवढाच, की इथे पाहुणा न बोलावता येतो. काही परजीवी तर यजमानाचे वागणेही बदलून टाकतात. पण केव्हा?

युरोपातील तळ्यांत स्टिकलबॅक नावाचा बोटाएवढा मासा राहतो. एक चपटा कृमी आयुष्यात तीन घरे बदलतो. त्यांपैकी हा मासा दुसरे घर होय. पक्ष्याच्या विष्ठेबरोबर कृमीची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली अळी कोपेपॉड नावाचा, सुमारे एक मिलिमीटर लांबीचा जलचर गिळतो. कोपेपॉडला मासा खातो आणि माशाला बगळ्यासारखा पक्षी. पक्ष्याच्या आतड्यात कृमी अंडी घालतो व थोड्याच दिवसांत मरतो.

आता अडचण पाहा. कोपेपॉडच्या शरीरात अळीची वाढ पूर्ण व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याआधीच माशाने कोपेपॉड खाल्ला, तर कच्ची अळीही मरते. म्हणून या काळात कोपेपॉड कमी हालचाल करतो. त्यामुळे तो माशाच्या नजरेस सहसा पडत नाही. अळी तयार झाली, की तोच कोपेपॉड जास्त हालचाल करू लागतो आणि माशाच्या तोंडी जातो.

माशाच्या पोटातही असेच घडते. अळी लहान असेपर्यंत मासा पक्ष्याची चाहूल लागताच पळतो. अळीचे वजन सुमारे 50 मिलिग्रॅमच्या पुढे गेले, की त्याची भीती कमी होते. पक्ष्याच्या पोटात कृमी फारसा वाढत नाही. माशाकडून आणलेल्या शिदोरीवरच त्याला अंडी घालायची असतात. म्हणून आधी वाढ, मग प्रवास!

एकाच कोपेपॉडमध्ये एक तयार आणि एक कच्ची अळी असेल तर? जर्मनीतील शास्त्रज्ञांनी 2015 साली याविषयीचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तयार अळीचीच सरशी झाली.

अळी हे विचार करून करत नाही. ज्या अळ्यांना वेळ साधली, त्यांचीच संतती टिकली. पिढ्यान्‌पिढ्या हेच घडत आले.

या वाढीचा पाण्याच्या उष्णतेशीही संबंध आहे. इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी 2012 साली दाखवून दिले, की 15 अंश सेल्सिअसच्या पाण्यापेक्षा 20 अंशांच्या पाण्यात माशातील अळ्या कितीतरी वेगाने वाढतात. म्हणजे तळी तापत गेली, तर अळी लवकर तयार होईल आणि मासा लवकर संकटात सापडेल. पाच अंशांच्या फरकाने आपण फार तर स्वेटर काढून ठेवतो. त्या माशाच्या मात्र तो जिवावर बेततो.