केपटाउन ते कैरो : चाके, चिखल आणि सूर्याची चाल

आफ्रिकेचा नकाशा समोर घ्या. दक्षिण टोकाजवळ केपटाउन शहर शोधा. ते सुमारे ३४ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. आता उत्तरेला नाईल नदीच्या काठी कैरो शोधा. ते ३० अंश उत्तर अक्षांशावर आहे. दोहोंमध्ये ६४ अक्षांशांचे अंतर झाले. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार केला की उत्तर येते ७,१०० किलोमीटर. कैरो थोडे पूर्वेला असल्यामुळे सरळ रेषेतले अंतर ७,२०० किलोमीटर धरायला हरकत नाही.

२३ सप्टेंबर १९२४ रोजी एक जोडपे केपटाउनहून मोटारीने कैरोला जायला निघाले. ते कैरोला पोहोचले २४ जानेवारी १९२६ रोजी. म्हणजे प्रवासाला ४८८ दिवस लागले! आणि मोटारींनी कापलेले अंतर होते सुमारे १२,७०० मैल, म्हणजे २०,००० किलोमीटरांहून थोडे अधिक. रोजची सरासरी पडली अवघी ४२ किलोमीटर. सवयीचा सायकलस्वार एवढे अंतर एका सकाळीत तोडतो.

तुमच्या मनात लगेच दोन प्रश्न आले असतील. मोटार असूनही इतका उशीर का? आणि ७,२०० किलोमीटरांसाठी जवळजवळ तिप्पट रस्ता का कापावा लागला? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता आपण पाऊस, माती, एक माशी आणि पृथ्वीला पडलेली एक भेग यांची ओळख करून घेऊ.

दोन मोटारी आणि अनेक हात

या जोडप्याचे नाव कोर्ट ट्रीट. पती मेजर चॅप्लिन कोर्ट ट्रीट आणि पत्नी स्टेला. स्टेला मूळची दक्षिण आफ्रिकेतली. त्यांच्याजवळ ‘क्रॉस्ली’ बनावटीच्या दोन हलक्या मालमोटारी होत्या. बरोबर स्टेलाचा भाऊ, चलच्चित्रे घेणारा एक छायाचित्रकार आणि आणखी काही सोबती होते. या प्रवासावर स्टेलाने लिहिलेले पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. केपटाउनपासून कैरोपर्यंत मोटारीने जाणारी ही पहिली तुकडी समजली जाते.

पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ज्यांची नावे आली नाहीत अशीही माणसे या प्रवासात होती. वाटेतल्या गावांतील असंख्य आफ्रिकी माणसांनी झाडे तोडली, ओढ्यांवर तात्पुरते पूल रचले, चिखलातून गाड्या ओढून काढल्या. त्यांच्या हातांशिवाय ही चाके कैरोला पोहोचली नसती.

पावसाने गाठले

केपटाउनचा पाऊस आपल्या मानाने उलटा आहे. तिथे तो जून ते ऑगस्ट या महिन्यांत, म्हणजे तिथल्या थंडीत पडतो. सप्टेंबरच्या अखेरीस तो ओसरू लागतो. तेव्हा केपटाउन सोडायला ही वेळ चांगली होती. पण पुढे काय?

पृथ्वीच्या विषुववृत्ताजवळ एक पट्टा असा आहे, की तिथे उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे वारे एकमेकांना भेटतात. तापलेली दमट हवा वर चढते, थंड होते आणि पाऊस पडतो. याला ‘आंतरउष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा’ म्हणतात. नाव लांबलचक आहे. आपण त्याला नुसता ‘पाऊसपट्टा’ म्हणू. हा पट्टा एका जागी बसत नाही. तो सूर्याच्या मागोमाग, थोडा उशिरा, उत्तरेला आणि दक्षिणेला सरकतो. जूनमध्ये सूर्य कर्कवृत्तावर येतो तेव्हा पट्टा उत्तरेकडे ओढला जातो. आपला नैऋत्य मोसमी पाऊस याच सरकण्याशी बांधलेला आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य मकरवृत्तावर असतो. त्या वेळी आपल्याकडे स्वच्छ आकाश असते आणि पाऊसपट्टा आफ्रिकेच्या दक्षिण भागात उतरलेला असतो.

आता कोर्ट ट्रीट यांच्या गाड्यांकडे वळा. त्या उत्तरेला चालल्या होत्या आणि पाऊस दक्षिणेला येत होता! दोघांची गाठ पडली दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेमध्ये. तिथे नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळा. रस्ते म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. त्या पाण्याने भरल्या, ओढ्यांना पूर आले आणि दिवसभराची वाटचाल कधी कधी थोड्याशा मैलांवर आली.

काळ्या मातीची करामत

पाऊस पडला म्हणून मोटार अडावी का? वाळूवर पाऊस पडला तर पाणी जिरून जाते. अडवणूक करते ती काळी चिकण माती. ही माती तुम्हांला परकी नाही. महाराष्ट्रातील कपाशीची काळी माती, म्हणजेच रेगूर, हिची ही नात्यातली. पूर्व आफ्रिकेतील अभियंते आजही अशा मातीला ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ याच नावाने ओळखतात. झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधबा ज्या खडकावरून कोसळतो तो सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ज्वालामुखीच्या अशा खडकांची झीज होऊन सपाट, पाणी साचणाऱ्या जागी काळी माती तयार होते.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. वहीची पाने एकावर एक असावीत तशी त्याची रचना असते. पाणी मिळाले की ते या पानांच्या मधे शिरते, पाने दूर सरतात आणि माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. म्हणूनच वैशाखात आपल्या शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच शेतातून चालताना पायाला शेरभर चिखल चिकटतो.

मोटारीचे चाक पुढे जाते ते जमिनीला मागे ढकलून. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीन चाकाला पुढे ढकलते. पण त्यासाठी टायर आणि जमीन यांत घर्षण हवे. ओल्या चिकणमातीने टायरच्या खाचा भरल्या की घर्षण जवळजवळ संपते. मग इंजिन कितीही ताकदीचे असो, चाक जागच्या जागी फिरते आणि आपल्यासाठी खड्डा खणते. अशा वेळी फांद्या अंथरायच्या, नाहीतर झाडाला दोर बांधून गाडी ओढायची, एवढेच उपाय उरतात.

कोरड्या सैल वाळूत अडचण वेगळी असते. तिथे प्रश्न दाबाचा. समजा गाडीचे वजन २,००० किलोग्रॅम आहे आणि प्रत्येक टायर १५० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतो. चार टायरांचे मिळून ६०० चौरस सेंटिमीटर झाले. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३.३ किलोग्रॅम भार आला. आता टायरमधील हवा कमी करा. टायर पसरून दुप्पट जागेवर टेकला तर भार १.७ किलोग्रॅमच्या आसपास येतो आणि गाडी वाळूत कमी रुतते. उंटाचा पसरट पाय हेच काम करतो.

शाळेत करून पाहा : काळी माती वाळवून, कुटून बारीक चाळणीने चाळा. दोन मोजनळ्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरा. (हा प्रयोग शिक्षकांसमोर आणि दिव्यापासून दूर करा.) दोन्हींत १० घनसेंटिमीटर माती टाका, ढवळा आणि एक दिवस ठेवा. रॉकेल मातीच्या पानांत शिरत नाही, म्हणून तिथे माती फुगत नाही. पाण्यातील मातीचे घनफळ किती वाढले ते पाहा आणि दोहोंतील फरकाचे रॉकेलमधील घनफळाशी शेकडा प्रमाण काढा. रस्ता बांधण्यापूर्वी अभियंते अशीच चाचणी घेतात. नंतर हाच प्रयोग नदीच्या वाळूवर करा आणि उत्तरांची तुलना करा.

माशीने अडवलेली चाके

झांबेझी ओलांडून गाड्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात शिरल्या. इथल्या विस्तीर्ण झाडीत गाडीवाटाही विरळ. शेकडो मैल माणसे राहत होती, व्यापार चालत होता, मग बैलगाड्यांच्या वाटा का नव्हत्या?

याचे एक मोठे कारण आहे त्सेत्से माशी. ही रक्त पिणारी माशी सहाराच्या दक्षिणेला आढळते. तिच्या चाव्यातून ट्रिपॅनोसोमा नावाचे एकपेशीय जंतू रक्तात जातात. गुराढोरांना त्यामुळे ‘नगाना’ रोग होतो. जनावर खंगते आणि मरते. माणसाला होणारा निद्रारोग याच कुळातल्या जंतूंमुळे होतो. १८९५ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस यांनी झुलूलँडमध्ये नगानाच्या जंतूचा छडा लावला; त्यांच्याच नावावरून एका जातीला ‘ट्रिपॅनोसोमा ब्रुसी’ म्हणतात.

कार्यकारणाची साखळी पाहा. माशी आहे तिथे बैल जगत नाही. बैल नाही तिथे गाडी नाही. गाडी नाही तिथे रुंद रस्त्याची गरज नाही. ओझी माणसांच्या डोक्यावरून जात आणि त्यासाठी पाऊलवाट पुरत असे. ‘त्या लोकांना चाक माहीत नव्हते’ असे कोणी म्हणाले तर ही साखळी त्याला समजावून सांगा! निद्रारोगावर आता बराच ताबा मिळाला आहे. २०१८ पासून जगभर नोंदले जाणारे रुग्ण दरवर्षी १,००० पेक्षा कमी आहेत. गुरांचा रोग मात्र अजून आफ्रिकी शेतकऱ्याला छळतोच.

पृथ्वीची भेग

पुढे टांगानिका आणि केनिया. इथे रस्ता सरळ का जात नाही हे नकाशाच सांगतो. पूर्व आफ्रिकेत भूकवच ताणले जात आहे. दोन्ही बाजूंची जमीन वर्षाला काही मिलिमीटर या वेगाने दूर सरकते आणि मधला भाग खचतो. यातून खचदरीच्या दोन शाखा तयार झाल्या आहेत. पश्चिम शाखेत टांगानिका सरोवर आहे. ते सुमारे ६७० किलोमीटर लांब आणि १,४७० मीटर खोल आहे. दोन शाखांच्या मधल्या बशीसारख्या भागात व्हिक्टोरिया सरोवर पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ ६८,००० चौरस किलोमीटरांच्या आसपास, पण खोली जास्तीत जास्त ८० मीटरच. एक भेगेत साठलेले, दुसरे खळग्यात साठलेले. खोलीतील फरकाचे कारण तुमच्या ध्यानात आलेच असेल.

मोटारीला सरोवरांना वळसा घालावा लागतो, दरीचे कडे उतरण्याजोगी जागा शोधावी लागते. त्याच्याही उत्तरेला, आजच्या दक्षिण सुदानमध्ये, नाईल नदी ‘सद’ नावाच्या अफाट दलदलीत पसरते. तिथे पुन्हा पाणी आणि चिकणमाती. वळसे, माघार, पुन्हा नवी वाट असे करत करत अंतर तिपटीच्या जवळ गेले.

आज निघालात तर

आज केपटाउनहून नैरोबीला जाणाऱ्या जोडप्याला बराचसा रस्ता डांबरी मिळतो. लिंपोपो नदीवर १९२४ मध्ये नसलेला बाइटब्रिज १९२९ मध्ये उभा राहिला. बोट्स्वाना आणि झांबिया यांना जोडणारा काझुंगुला येथील झांबेझीवरचा पूल २०२१ मध्ये खुला झाला. काळ्या मातीवर रस्ता करताना ती खणून काढतात किंवा तिच्यात चुना मिसळतात, वर खडी-मुरूम दाबतात आणि दोन्ही बाजूंना गटारे काढतात. पूर्व आफ्रिकेत अशा कच्च्या रस्त्याला ‘मरम रोड’ म्हणतात. आपल्या ‘मुरूम’ शब्दाशी त्याचे साम्य तुम्हांला लगेच जाणवेल.

पण मुख्य रस्ता सोडून आत वळलात की १९२४ सालचाच नियम लागू होतो : आधी पाऊस विचारा, मग निघा. विषुववृत्ताजवळच्या केनियात पाऊसपट्टा वर्षातून दोनदा डोक्यावरून जातो. म्हणून तिथे मार्च ते मे हा मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा लहान, असे दोन पावसाळे असतात. तेव्हा मे महिन्यात केपटाउन सोडावे. जून-जुलैत झिंबाब्वे, झांबिया कोरडे असतात. ऑगस्टमध्ये नैरोबी गाठावे, तेव्हा दोन पावसाळ्यांमधली उघडीप असते. कोर्ट ट्रीट यांच्या गाड्या मात्र इतक्या हळू चालत होत्या की पाऊसपट्ट्याची एक पूर्ण फेरी होईपर्यंत त्या वाटेतच होत्या. त्यांना तो टाळता येणे शक्यच नव्हते.

हे वेळापत्रक बिनचूक पाळले जाते असेही समजू नका. पॅसिफिक महासागरात ‘एल निनो’ आला की आफ्रिकेच्या दक्षिण भागात अनेकदा पाऊस दडी मारतो. २०२३-२४ च्या हंगामात असेच झाले. मका करपला आणि २०२४ मध्ये झांबिया, मलावी आणि झिंबाब्वे यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. प्रवाशाला कोरडा रस्ता सोयीचा वाटतो. त्याच रस्त्याकाठच्या शेतकऱ्याचे वर्ष मात्र त्याने बुडते.

आता एक गृहपाठ. भूगोलाच्या नकाशासंग्रहातून केपटाउन, लिव्हिंगस्टन आणि नैरोबी येथील पावसाचे महिने शोधा आणि तीन स्तंभालेख काढा. मग कैरोहून केपटाउनकडे, म्हणजे उलट दिशेने निघायचे असेल तर कोणत्या महिन्यात निघाल हे ठरवा. तारीख काढण्यापूर्वी सूर्य कोणत्या वृत्ताकडे चालला आहे, हे पाहायला विसरू नका.