संमतीच्या सहीवर अवकाशात

19 मे 2024 रोजी पश्चिम टेक्सासमधून ब्लू ओरिजिनचं न्यू शेपर्ड रॉकेट सहा जणांना घेऊन उडालं. त्यांत मूळचे आंध्रातले वैमानिक गोपी थोटाकुरा होते आणि नव्वदीतले एड ड्वाइट होते, ज्यांची अंतराळवीर होण्याची संधी साठच्या दशकात हुकली होती. परतताना कुपीच्या तीन हवाई छत्र्यांपैकी एक पूर्ण फुगली नाही. तरीही सगळे सुखरूप उतरले, कारण एक छत्री दगा देईल हे धरूनच कुपी घडवली होती. ही दूरदृष्टी कंपनीची. प्रवाशांच्या जिवासाठी अशी तजवीज करायला कायदा तिला भाग पाडत नव्हता. अमेरिकेत उड्डाणाचा परवाना देणारं एफएए हे खातं जमिनीवरच्या माणसांचा आणि मालमत्तेचा धोका तपासतं. रॉकेटमध्ये बसणाऱ्याला मात्र एवढंच लेखी कळवलं जातं की हे यान माणसं नेण्यास सुरक्षित असल्याचं सरकारने प्रमाणित केलेलं नाही. ते वाचून त्याने सही करायची.

ही व्यवस्था 2004च्या कायद्याने आणली. त्याच वर्षी स्पेसशिपवन हे पहिलं खासगी यान माणसाला घेऊन अवकाशाच्या सीमेपार गेलं होतं, आणि कोवळ्या उद्योगाला शिकायला वेळ द्यावा हा विचार तेव्हा रास्तच होता. सवलत आठ वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. थोटाकुरांच्या उड्डाणाच्या तीनच दिवस आधी सही झालेल्या कायद्याने ती 1 जानेवारी 2028 पर्यंत नेली. तोवर एफएएला हस्तक्षेप करता येतो तो एखाद्या रचनेमुळे कुणी दगावल्यावर, गंभीर जखमी झाल्यावर किंवा तसा मोठा धोका प्रत्यक्ष उद्भवल्यावर. तिकिटं विकली जात असताना ही सवलत चालू ठेवणं मला चुकीचं वाटतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण 31 ऑक्टोबर 2014चं आहे. मोहावी वाळवंटावर स्पेसशिपवननंतरच्या स्पेसशिपटू या यानाची चाचणी चालू असताना सहवैमानिक मायकेल ऑल्सबरी यांनी वळत्या शेपटाची कडी ध्वनीच्या 1.4 पट वेगाऐवजी 0.8 पट वेगालाच सोडली. हवेच्या दाबाने शेपूट उचललं गेलं, यान हवेतच फुटलं आणि ऑल्सबरी गेले. दोष एका माणसाच्या हातावर टाकणं सोपं होतं, पण तपास मंडळ खोलात गेलं. एकाच मानवी चुकीने यान नष्ट होऊ शकतं, याचा विचार ते बांधणाऱ्या कंपनीने केलाच नव्हता. शिवाय एफएएच्या तंत्रज्ञांचे जे प्रश्न जनतेच्या सुरक्षेशी थेट संबंधित नव्हते, ते कंपनीवर भार नको म्हणून वरच्या पातळीवर गाळले जात होते. विचारायला माणसं होती. विचारण्याचा अधिकार आखडलेला होता. पुढे कडी अवेळी सुटू नये अशी सोय यानात केली गेली, पण एक जीव गेल्यानंतर.

यावर पहिला आक्षेप असा, की सज्ञान माणूस एव्हरेस्ट चढतो तेव्हा कोण अडवतं? पण गिर्यारोहक आभाळ पाहून मागे फिरू शकतो. रॉकेटमधल्या प्रवाशाच्या हाती तसं काही नसतं. आणि सही करणारा सगळं जाणूनच करतो असं मानणं कठीण आहे. इंजिनाचं नळकांडं किती तापमान सोसेल, हे प्रवाशाने कुठून ताडायचं? सप्टेंबर 2022मध्ये नळकांडं अपेक्षेपेक्षा जास्त तापल्यानेच न्यू शेपर्डचं इंजिन निकामी झालं. यानात तेव्हा माणसं नव्हती आणि कुपी ठरल्याप्रमाणे सुटून खाली आली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यानं एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की घाईने केलेले नियम आजच्याच रचना गोठवून टाकतील. हे मला मान्य आहे. म्हणून धातू कोणता आणि छत्र्या किती, हे सरकारने ठरवू नये. एका बिघाडाने किंवा एका चुकीने प्रवासी दगावणार नाही, हे कंपनीने उड्डाणाआधी त्रयस्थ तज्ज्ञांपुढे सिद्ध करावं, एवढीच अट असावी. नियमांनी धंदा बुडतो म्हणावं, तर 1926चा अमेरिकी हवाई वाणिज्य कायदा खुद्द विमानउद्योगाला हवा होता, कारण लोकांचा विश्वास बसल्याशिवाय तिकिटं खपणार नव्हती. राइट बंधूंच्या उड्डाणानंतर तो यायला 23 वर्षं लागली. अवकाशातली सवलत 2028मध्ये संपली तरी तिला जवळपास तेवढीच वर्षं झालेली असतील. असे नियम लिहायला वर्षं जातात, त्यामुळे मुदत संपण्याची वाट न पाहता मसुद्याचं काम आताच हाती घ्यायला हवं.